पैज लावणारा आणि सामना विकणारा

पीट रोझ आणि 'शूलेस' जो जॅक्सन, अमेरिकन बेसबॉलमधले बंदी आलेले दोन गाजलेले खेळाडू. एकाचा जन्म १९४१चा, दुसऱ्याचा १८८७चा. दोघांनी एकमेकांना मैदानावर कधी पाहिलं असण्याचा प्रश्नच नाही. तरी बेसबॉलच्या चाहत्यांत पाप, कबुली आणि क्षमा यांवरून वाद पेटला की ही दोन नावं एका दमात येतात. १३ मे २०२५ रोजी तर ती एकाच कागदावर आली. कमिशनर, म्हणजे बेसबॉलच्या लीगचे सर्वोच्च अधिकारी, रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं की बेसबॉलमधली कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते, आणि एकूण १७ मृत व्यक्तींची नावं बंदीच्या यादीतून निघाली. जॅक्सन १९५१ साली गेला होता, रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये.

बातमी वाचून माझ्या एका मित्राचा फोन आला. तो क्रिकेटवाला, बेसबॉल त्याला बातम्यांपुरतंच ठाऊक. म्हणाला, "म्हणजे दोघेही फिक्सरच ना?"

नाही. जॅक्सनने सामना विकायचे पैसे घेतले. रोझने स्वतःच्याच संघाच्या विजयावर पैसे लावले. पण मित्राला दोष तरी काय द्यायचा? आपल्या बातम्यांत 'सट्टेबाजी-फिक्सिंग' असा एकच शब्द असल्यासारखं छापतात.

पैज लावणाऱ्याला निकाल माहीत नसतो, म्हणून तर तो शेवटच्या चेंडूपर्यंत जागा असतो. सामना विकणाऱ्याला निकाल आधीच ठाऊक असतो. त्याची अडचण वेगळी असते: हरायचं आहे, पण हरायचं आहे हे दिसता कामा नये. आपल्या कुस्तीच्या आखाड्यात याला नेमका शब्द आहे, नुरा कुस्ती. दोन पैलवान आधीच ठरवून लढतात आणि बघ्यांचे पैसे पाण्यात जातात. नुरा कुस्तीतले पैलवान आणि त्या कुस्तीवर पैसे लावणारे बघे यांना कुणी एकाच माळेचे मणी म्हणणार नाही. बघे फसतात, पैलवान फसवतात.

ही गल्लत जुनी आहे आणि तिला धर्माचंही बळ आहे. १८८०च्या दशकात शिकागोकडून बेसबॉल खेळणारा बिली संडे पुढे धर्मोपदेशक झाला, आणि दारू-जुगारावर त्याने अशी तोफ डागली की त्याच्या सभांना हजारोंची गर्दी व्हायची. त्या शिकवणीत वाढलेल्या माणसाला पैज हेच मुळात पाप. मग पैज लावली काय आणि सामना विकला काय, दोन्ही पापं एकाच खणात. आपल्याकडेही वेगळं नाही. द्यूतसभेची गोष्ट सांगताना आपण 'जुगाराने घात केला' म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्या सभेत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या. धर्मराज पैजा लावत होता. शकुनी कपटाने फासे टाकत होता. भाऊ आणि बायको पणाला लावणं हा धर्मराजाचा गुन्हा, आणि तो लहान नाहीच. पण डाव खोटा केला तो शकुनीने.

आता शकुनीचा डाव जवळून बघू. १ ऑक्टोबर १९१९, सिनसिनाटी. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स. शिकागोचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एडी सिकॉट त्या हंगामात २९ सामने जिंकून आलेला. चेंडू कुठे टाकायचा हे त्याच्या इतकं कुणाला कळत नसेल. समोर रेड्सचा पहिला फलंदाज मॉरी रॅथ. सिकॉटचा पहिला चेंडू बरोबर पडला. दुसरा थेट रॅथच्या पाठीत बसला. प्रेक्षकांना वाटलं, हात सुटला असेल. ज्यांना माहीत होतं त्यांच्यासाठी ती खूण होती: सौदा पक्का. सिकॉटला त्याचे १०,००० डॉलर जुगाऱ्यांकडून आदल्या रात्रीच मिळाले होते. शिकागो तो सामना १-९ असा हरलं आणि पुढे मालिकाही ५-३ अशी गेली. त्या वर्षी मालिका नऊ सामन्यांची होती.

शिकागोच्या आठ खेळाडूंची नावं पुढे आली. त्यांत जॅक्सन होता. त्याला २०,००० डॉलर कबूल केले होते, हातात पडले ५,०००. त्याचे समर्थक त्याच्या खेळाचे आकडे काढतात: मालिकेत १२ हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की एक हिट), फलंदाजीची सरासरी .३७५, क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. हरायला खेळणारा माणूस असा खेळतो का? प्रश्न चांगला आहे. पण ५,००० डॉलर घेतल्याचं त्याने १९२०च्या सप्टेंबरमध्ये ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळासमोर, कबूल केलं होतं. माल दिला नाही म्हणून विकणारा निर्दोष ठरत नाही. फार तर त्याने दोन्हीकडच्या लोकांना फसवलं असं म्हणता येईल.

रोझची गोष्ट उलटी. ४,२५६ हिट, बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा आकडा. खेळला बहुतेक काळ सिनसिनाटी रेड्सकडून, म्हणजे १९१९ची ती विकलेली मालिका जिंकणाऱ्या संघाकडूनच. पुढे तो त्याच संघाचा मॅनेजर झाला. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कॅप्टन आणि कोच एकात: कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा, सगळं त्याच्या हातात. १९८९ साली लीगने नेमलेले वकील जॉन डाउड यांच्या चौकशीतून निघालं की मॅनेजर असताना तो रेड्सच्या सामन्यांवर पैसे लावत होता. रेड्स हरावेत म्हणून त्याने पैसे लावल्याचा पुरावा त्या अहवालात नव्हता. २४ ऑगस्टला तेव्हाचे कमिशनर बार्ट जियामाटी यांनी कायमची बंदी जाहीर केली, आणि आठवड्याभरात, १ सप्टेंबरला, ते हृदयविकाराने गेले. साहित्याचे प्राध्यापक, येल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. अशा माणसाच्या वाट्याला हे प्रकरण यावं!

रोझ पंधरा वर्षं 'मी बेसबॉलवर पैसे लावलेच नाहीत' म्हणत राहिला. २००४ मध्ये एकदाचं कबूल केलं. मग २०१५ मध्ये पैजांच्या नोंदींची एक जुनी वही उजेडात आली आणि १९८६ मध्ये, खेळाडू असतानाही, तो रेड्सवर पैसे लावत होता हे दिसलं. कबुलीसुद्धा हप्त्याहप्त्याने. चर्चमध्ये वाढलेल्या चाहत्यांना त्याच्या पैजेपेक्षा हे जास्त खुपतं, कारण त्यांच्या हिशेबात क्षमा आहे, पण ती पूर्ण कबुलीनंतर.

आता मुद्द्याचा प्रश्न. गुन्हे इतके वेगळे, तर शिक्षा एकच का? मोठ्या लीगच्या, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या, नियम २१मध्ये, जो प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये लावावा लागतो, सामना विकणाऱ्याला कायमची बंदी आहेच. पैजेचे मात्र दोन दर आहेत. ज्या सामन्याशी तुमचा संबंध नाही त्यावर पैसे लावलेत तर एक वर्ष. ज्या सामन्यात तुमचं काही काम आहे त्यावर लावलेत तर कायमची बंदी. संघ जिंकेल म्हणून लावले की हरेल म्हणून, याला नियम विचारतच नाही.

मला पूर्वी हा नियम आंधळा वाटायचा. जिंकण्यासाठी पैसे लावले तर बिघडलं काय, उलट माणूस जीव तोडून खेळेल! पण मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. आज रात्री पैसे लागलेत, उद्या नाहीत. दमलेला पिचर आज आणखी एक इनिंग रेटायचा मोह होणारच. उद्या त्याचा खांदा गेला तर तो उद्याचा प्रश्न. आणि ज्या रात्री मॅनेजर पैसे लावत नाही, त्या रात्री बुकीला न बोलता निरोप मिळतो की आज घरच्याच माणसाला भरवसा नाही. रोझने २००७ मध्ये सांगितलं की तो रोजच लावायचा. डाउड यांना ते मान्य नव्हतं. त्यात उधारी आलीच. बुकीचं देणं थकलं की तो आधी पैसे मागतो, मग उपकार मागतो. पैज लावणारा सामना विकणारा होतो तो याच वाटेने. नियम ती वाट तोंडापाशीच बंद करतो. म्हणून मला शिक्षा बरोबर वाटते. दोघांना एकच शिवी देणं बरोबर वाटत नाही.

न्यायालयाचा हिशेब आणखी तिसराच. २ ऑगस्ट १९२१ रोजी शिकागोच्या ज्युरीने आठांपैकी ज्यांच्यावर खटला चालला त्या सातही जणांना निर्दोष सोडलं. सामना विकणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा इलिनॉयमध्ये नव्हता. सरकारी पक्षाला फसवणुकीचा कट सिद्ध करावा लागत होता. दुसऱ्या दिवशी कमिशनर केनेसॉ लँडिस यांनी, जे स्वतः फेडरल न्यायाधीश होते, आठही जणांना खेळाबाहेर काढलं. ज्युरी काही म्हणो, सामना विकणारा आणि विकण्याच्या बैठकीला बसून गप्प राहणारा, दोघांनाही बेसबॉलमध्ये जागा नाही, असं त्यांनी बजावलं. यातला दुसरा म्हणजे त्या आठांतलाच बक वीव्हर. त्याने पैसे घेतल्याचा पुरावा नव्हता, तो खेळलाही उत्तम. फक्त बोलला नाही. सहानुभूती द्यायचीच तर मी जॅक्सनआधी वीव्हरला देईन.

हे वाचताना आपल्याला २०१३चं आयपीएल आठवावं. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्या स्पॉट फिक्सिंगच्या खटल्यातून सगळ्या आरोपींना वगळलं. क्रिकेट बोर्डाची बंदी मात्र तशीच राहिली. तेव्हा चौकाचौकात विचारलं जात होतं, 'कोर्टाने सोडलं, मग बोर्ड कोण लागून गेलं?' शिकागोतही त्याआधी ९४ वर्षं हाच प्रश्न होता. कोर्ट बघतं कायदा मोडला का. बोर्ड बघतं खेळावरचा विश्वास मोडला का. आणि आपला कायदा तर नेमका उलट्या बाजूने कडक: पैजेसाठी महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदीचा कायदा आजही उभा आहे, पण सामना विकणाऱ्याला पकडायचं तर पोलिसांना फसवणुकीचं कलम शोधावं लागतं.

एक अवांतर, पण सांगायलाच हवं. पैजेचा धंदा करणाऱ्याला फिक्सिंग नकोच असतं. मुंबईचा मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या बाजारातून येणाऱ्या कापसाच्या भावांवर. आकडा सातासमुद्रापार ठरतो, इथल्या कुणाच्या हातात नाही, यावर लोकांचा भरवसा. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले, तेव्हा आकडा काढण्याचे दुसरे मार्ग शोधावे लागले. आकडा खरा, हीच त्या बेकायदा धंद्याची पत.

अमेरिकेत आता धंदा बेकायदाही राहिलेला नाही. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजेवरची केंद्रीय बंदी रद्द केली आणि बहुतेक राज्यांनी दारं उघडली. सहा महिन्यांत बेसबॉलच्या लीगनेच एका कॅसिनो कंपनीशी करार केला. १ जानेवारी २०२३ रोजी ओहायोत पैज कायदेशीर झाली, तेव्हा सिनसिनाटीतल्या एका कॅसिनोत पहिली पैज लावायला कुणाला बोलावलं? पीट रोझला. आणि त्याने कशावर लावली? रेड्स वर्ल्ड सिरीज जिंकतील यावर. ज्या कामासाठी आयुष्यभराची बंदी, तेच काम कॅमेऱ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात. तेव्हा त्याच्याकडे संघाचं कुठलंच काम नव्हतं, त्यामुळे नियमाच्या भाषेत यात वावगं काही नव्हतं. पण लीग जाहिरातीचे पैसे घेत होती आणि रोझला बाहेर ठेवत होती, यातला ढोंगीपणा चाहत्यांना टोचला तर नवल नाही. तो युक्तिवाद मला अर्धाच पटतो. दारूच्या दुकानाचा परवाना असला म्हणून ड्रायव्हरने पिऊन गाडी चालवावी असं होत नाही.

त्या दोन दरांचा हिशेब २०२४ मध्ये पुन्हा दिसला. जूनमध्ये पाच खेळाडूंवर कारवाई झाली. चौघांना एक वर्ष. पाचवा टुकुपिता मार्कानो, त्याला कायमची बंदी, कारण पिट्सबर्गच्या जखमी खेळाडूंच्या यादीत असताना त्याने पिट्सबर्गच्याच सामन्यांवर पैसे लावले होते. खेळत नव्हता, म्हणजे निकाल त्याच्या हातात नव्हता. बेसबॉलवर त्याने ३८७ पैजा लावल्या, आणि मोठ्या लीगवरच्या पैजांपैकी जिंकल्या शेकडा साडेचारांहूनही कमी. फिक्सर इतका हरत नाही.

खरी पंचाईत आता पुढे आहे. फोनवरच्या ॲपवर आज अख्ख्या सामन्यावर नाही, तर पुढच्या एका चेंडूवर पैसे लावता येतात: वेग किती, बरोबर पडेल की बाहेर. सिकॉटला सामना हरावा लागला होता. आज पिचरने ठरल्या वेळी एक चेंडू मातीत टाकला तरी काम होतं. सामना जिंकला तरी चालतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडच्या दोन पिचरवर न्यूयॉर्कमध्ये नेमका असाच आरोप ठेवला गेला. दोघांनीही तो नाकारला आहे. त्याच सुमारास लीगने पैज कंपन्यांशी बोलून एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली.

रोझ आणि जॅक्सन यांना आता हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनाची, वाट मोकळी आहे. त्यांच्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. जॅक्सनच्या बाजूने गरिबी आहे, निरक्षरपणा आहे, शंभर वर्षांची हळहळ आहे. रोझच्या बाजूने ४,२५६ हिट आहेत, पण त्याचा उर्मटपणा आणि थापा लोकांना अजून आठवतात. चाहत्यांचा कल पाहिला तर जॅक्सनसाठी डोळे जास्त पाणावतात. माझं मत विचाराल तर आधी रोझ. त्याने पैसे लावले होते, घेतले नव्हते.