अंबाझरीचं पाणी घरात शिरलं, त्याच्या आधीची दीडशे वर्षं

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणीच विसरलेलं नाही. शनिवार होता. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस सुरू झाला, चारेक तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं काठ सोडले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, झाशी राणी चौक, मोरभवनचं बसस्टँड, सगळीकडे पाणीच पाणी. लोक झोपेत होते. पाय खाली टेकवला तर पाण्यात, असं झालं घरोघरी. किमान चार जणांचा जीव गेला, त्यात एक आजारानं अंथरुणाला खिळलेली बाई होती, तिला वेळेत उचलून वर नेता आलं नाही.

त्या दिवसाबद्दल बोलताना सगळे दोनच गोष्टी बोलतात, पाऊस किती पडला आणि बोटी कधी आल्या. दोन्ही महत्त्वाच्याच आहेत. पण मला वाटतं महापालिकेचं आपत्ती व्यवस्थापन त्या पहाटे सुरूच झालं नव्हतं, ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी, तलावाच्या सांडव्यापाशी, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं त्या जागी, आणि नदीच्या काठावर एकेक परवानगी देताना ठरून गेलं होतं. ती मागची गोष्ट नीट मांडावी म्हणून हे लिहून राहिलो.

अंबाझरी हा नैसर्गिक तलाव नाही, बांधलेला आहे. मूळ भोसल्यांच्या काळापर्यंत जातं असं सांगतात, पण आज दिसतो तसा मोठा मातीचा बांध १८७० च्या सुमारास शहराला पिण्याचं पाणी द्यायला उभा राहिला. पूर्व विदर्भात तलाव बांधायचं ज्ञान कोहळी समाजाकडे होतं, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या काळातले, त्यांनीच बांधलेले, आणि अंबाझरीच्या कामातही त्यांचंच नाव घेतात. नंतर गोरेवाडा आला, कन्हान आली, पेंच आलं, पाण्याची सोय दुसरीकडून झाली आणि अंबाझरी हळूहळू फिरायला जायचा तलाव झाला. बाग झाली, बोटिंग झालं, पावसाळ्यात ओव्हरफ्लो पाहायला गर्दी व्हायला लागली. पण फिरायची जागा झाली तरी तो शहराच्या डोक्यावर बसलेला मातीचा बांधच राहिला ना, आणि त्याची जबाबदारी महापालिकेकडेच राहिली.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या कारण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. अजूनही कोणाला विचारलं तर "रात्री न सांगता गेट उघडलं असेल" असं सहज ऐकू येतं. त्या रात्री अंबाझरीच्या सांडव्याला उघडायला गेटच नव्हतं. ठराविक उंचीची भिंत, तलाव त्या उंचीपर्यंत भरला की वरचं पाणी आपोआप ओलांडून खाली नाग नदीत. कोणी चाबी फिरवत नाही, कोणी बटन दाबत नाही. म्हणजे किती पाणी सोडायचं हे माणसाच्या हातात नाही, ते तलावाची पातळी ठरवते. आणि अशा सांडव्याचा हिशोब भयानक असतो, भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट होत नाही, जवळपास पावणेतीन पट होतो. म्हणून घोट्याएवढं पाणी दिसत असताना लोक सेल्फी काढत असतात आणि तासाभरात त्याच जागी उभं राहणं शक्य राहत नाही.

त्यात सप्टेंबरचा शेवट. पावसाळाभर भरत आलेला तलाव तेव्हा काठोकाठ असतो, नवीन पावसाला थांबवून धरायला जागाच उरत नाही. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. आणि अंबाझरीत पाणी येतं ते लाव्हा गावाकडच्या टेकड्या, वाडी, हिंगणा एमआयडीसी या भागातून. पूर्वी तिथे शेतं आणि पडीक जमीन होती, बरंच पाणी मुरायचं. आता गोदामं, कारखाने, सिमेंटचे रस्ते, प्लॉटिंग. पाणी मुरत नाही, थेट पळत येतं. आणि वाडीची नगर परिषद वेगळी, एमआयडीसी वेगळी, नागपूर महापालिका वेगळी. तलाव एकाचा, त्यात येणारं पाणी दुसऱ्यांच्या हद्दीतलं, हे असंच चालत आलंय.

आता सांडव्याच्या खाली या. नागपूर नगरपालिका १८६४ ची, महापालिका १९५१ ची, आणि मधे नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपलं एनआयटी, १९३६ च्या कायद्यानं आलेलं. शहराच्या पश्चिमेचे कितीतरी लेआउट प्रन्यासनं आखले. एका शहरात दोन-दोन संस्था नकाशे मंजूर करणार, आणि नदी मात्र दोघांच्याही नकाशातून वाहणार. अंबाझरीच्या खालच्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या, चांगल्या शिकल्यासवरल्या, निवृत्त लोकांच्या, प्लॉट रीतसर मंजूर, टॅक्स भरलेला. ते अतिक्रमणवाले नाहीत हे मुद्दाम सांगतो, कारण पूर आला की लगेच "नदीत घरं कशाला बांधली" म्हणून लोक मोकळे होतात. त्यांना तिथे घर बांधायची परवानगी सरकारी कागदावरच मिळाली होती.

नदीचं पात्र मात्र आवळत गेलं. सांडव्याच्या लगेच खाली रस्त्याचा जुना बुटका पूल. त्याच परिसरात, ओव्हरफ्लोपाशीच, स्वामी विवेकानंदांचं स्मारक. पुढे क्रेझी कॅसल या मनोरंजन पार्कच्या आवारातून जाताना पात्र आणखी अरुंद. डागा लेआउटजवळ पाण्याच्या वाटेवर स्लॅब टाकून केलेलं स्केटिंग रिंक. यातली प्रत्येक गोष्ट करताना कोणाचा तरी हेतू चांगलाच असेल, पोरांना खेळायला जागा, शहराला स्मारक, गाड्यांना रस्ता. पण प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा राहून गेला की तलाव पूर्ण ताकदीनं ओसंडला तर एवढं पाणी इथून जाईल का.

इशारे मिळाले नव्हते असंही नाही. ६ जुलै २०१८ आठवा. पावसाळी अधिवेशन नागपुरात होतं, सकाळपासून असा पाऊस झाला की विधानभवनात पाणी शिरलं, लाईट गेली, कामकाज तहकूब करावं लागलं. सगळं सरकार नागपुरात हजर असताना शहर तुंबलं. चर्चा झाली, आरोप झाले, आणि मग नेहमीसारखं उन्हाळ्यात नदीतला गाळ काढायचं काम, जेसीबी, फोटो. गाळ काढायलाच पाहिजे, पण गाळ काढून पुलाची उंची वाढत नाही आणि स्लॅबही हटत नाही.

त्याहून जुना आणि जास्त जिव्हारी लागलेला इशारा याच जिल्ह्यातला, मोवाडचा. ३० जुलै १९९१, नरखेड तालुक्यातलं मोवाड, वर्धा नदीला पूर आला आणि गाव बुडालं, २०४ माणसं गेली. आमच्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी अजून ते नाव आलं की आवाज बदलतो. त्यानंतर दोन वर्षांनी १९९३ चा किल्लारीचा भूकंप, मग राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे बनायला सुरुवात झाली. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली आणि त्याच वर्षी केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, त्यात जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि स्थानिक संस्थांनी आपापली तयारी ठेवायची असं ठरलं. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल, उभं राहिलं, नंतर राज्याचं तसंच दल एसडीआरएफ, त्याची एक तुकडी नागपुरातच. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात, एनडीआरएफची अकादमी नागपुरात, प्रादेशिक हवामान केंद्र नागपुरात, कामठीला सैन्याचा तळ. पुरातून माणूस कसा काढायचा हे शिकवणाऱ्या एवढ्या संस्था देशातल्या फार कमी शहरांत असतील.

म्हणूनच २३ सप्टेंबरला बचावकार्य तसं लवकर उभं राहिलं, हे मान्य केलंच पाहिजे. अग्निशमनचे जवान अंधारातच निघाले होते, एनडीआरएफ आणि एसडीआरएफच्या बोटी रस्त्यांवरून फिरल्या, सैन्याच्या दोन तुकड्या आल्या. शंकरनगर भागातल्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बाहेर काढलं, त्यांना हाक मारून सूचना देता येत नाही, खुणांनी समजावून बोटीत बसवावं लागतं, आणि तेही पहाटे, पाण्यात. एलएडी कॉलेजच्या होस्टेलमधल्या मुलींना काढलं. शाळा-कॉलेजला सुट्टी जाहीर झाली. तेव्हाचे महापालिका आयुक्त अभिजीत चौधरी, जिल्हाधिकारी विपीन इटनकर, पालकमंत्री देवेंद्र फडणवीस, सगळी यंत्रणा कामाला लागली. ज्यांनी त्या पाण्यात उतरून म्हातारी माणसं खांद्यावर घेतली त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

पण बोट यायच्या आधीचे दोन तास कुठे गेले? तलाव ओसंडायला लागला, पातळी वाढत चालली, तेव्हा खालच्या वस्तीला उठवणारं कोणी नव्हतं, भोंगा वाजला नाही. सांडव्याला गेट नव्हतं म्हणजे पाणी अडवता येणार नव्हतं हे खरं, पण पातळी मोजता आली असती, एक माणूस रात्रभर तिथे बसवता आला असता, पातळी अमुक रेघेवर गेली की अग्निशमनला फोन, वस्तीत गाडी फिरवून सूचना, एवढं करता आलं असतं. अर्धा तास जरी मिळाला असता तरी गाड्या उंचावर नेल्या असत्या, कागदपत्रं वर ठेवली असती, आजारी माणसाला शेजाऱ्यांनी पहिल्या मजल्यावर नेलं असतं. बोटी, जवान, कॉलेजं सगळं जवळ होतं, तो एक फोन तेवढा नव्हता.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. म्हणजे पुराच्या वेळी शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. नगरसेवकांबद्दल आपल्या तक्रारी कितीही असोत, रात्री तीन वाजता ज्याच्या दारावर जाऊन थाप मारता येते असा माणूस तोच असतो, आणि गल्लीत कोणाची आई अंथरुणावर आहे, कोणत्या घरात फक्त म्हातारं जोडपं राहतं हे त्याच्या पोरांना माहीत असतं. झोनच्या ऑफिसातल्या बदलून आलेल्या अधिकाऱ्याला ते कसं माहीत असणार.

पाणी ओसरलं ते काही तासांत, मागे चिखल राहिला. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ, आडवे पडलेले फ्रीज, गाद्या पाणी पिऊन इतक्या जड की चार माणसांना उचलत नव्हत्या. मोरभवनला बसेस बुडाल्या, पंचशील चौकातला नाग नदीवरचा पूल खचला. सरकारनं दहा हजार घरांचं नुकसान झाल्याचा अंदाज सांगितला, घरामागे तातडीची दहा हजार रुपयांची मदत, दुकानांना पन्नास हजारांपर्यंत आणि टपऱ्यांना दहा हजारांपर्यंत जाहीर केली. मग पंचनामे. तलाठी आणि महापालिकेचे कर्मचारी घरोघरी, आधार आणि पासबुकची झेरॉक्स द्या. आता ज्याचं कपाटच चिखलात गेलं तो झेरॉक्स कुठून आणणार, आणि एका घरात तीन भाडेकरू असले तर मदत कोणाच्या नावावर, हे प्रश्न प्रत्येक पुरात येतात आणि दरवेळी नव्यानं सोडवायला बसतात.

काही रहिवाशांनी मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका टाकली आणि खरी पार्श्वभूमी बाहेर आली ती तिथेच. सांडव्यासमोरचं स्मारक, धरणाजवळच्या बांधकामाचे नियम, प्रन्यासचं स्केटिंग रिंक, क्रेझी कॅसलमधलं पात्र, बांधाची मजबुती, सगळं रेकॉर्डवर आलं. शासनानं विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली. स्मारकानं प्रवाहाला अडथळा होतो का हा प्रश्न खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडे गेला. ओव्हरफ्लोजवळचा जुना पूल पाडून मोठा पूल बांधायला घेतला, त्या कामात तो रस्ता कितीतरी महिने बंद होता, लोकांनी सहनही केलं. पात्रातले अडथळे काढायला सुरुवात झाली. आणि सांडव्याला गेट बसवायचं ठरलं.

गेटचं ऐकून बऱ्याच लोकांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. फक्त गेट आलं की जबाबदारीचा प्रकारच बदलतो. आजवर तलाव स्वतः ओसंडायचा, आता माणूस पाणी सोडणार. मग ऑगस्टमध्ये पातळी किती ठेवायची, सप्टेंबरच्या पावसासाठी किती जागा रिकामी ठेवायची, हे लेखी वेळापत्रकात लागतं, जसं मोठ्या धरणांना असतं तसं. रात्री दोन वाजता गेट उचलायचा निर्णय महापालिका घेणार की जलसंपदा, उचलायच्या किती वेळ आधी खाली भोंगा वाजणार, वाडी आणि हिंगण्याकडे पाऊस पडून राहिला हे सांडव्यावरच्या माणसाला कोण कळवणार, हे सगळं लोकांना माहीत असायला पाहिजे, निदान अंबाझरी आणि डागा लेआउटच्या प्रत्येक घरात त्याचा एक कागद असायला पाहिजे. आणि वरचा पूल मोठा झाला की पाणी तिथून मोकळं सुटून जास्त जोरानं खाली जाणार, म्हणून सीताबर्डीपर्यंतच्या नाग नदीच्या भिंती आणि पूल मागे ठेवून चालणार नाही, ते काम गेटच्या आधी नाही तर निदान गेटसोबत तरी व्हायला हवं.