ग्रुनफेल्ड बचाव: कोलकात्यातील डावापासून
ठाण्यातील बुद्धिबळवर्गांत ग्रुनफेल्ड बचाव, म्हणजे काळ्या मोहऱ्यांनी डाव सुरू करण्याची एक पद्धत, शिकवताना सुरुवात बहुधा व्हिएन्नापासून होते, आणि नावापुरते ते योग्यही आहे, कारण ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये हा बचाव स्पर्धांत आणला व त्याच वर्षी व्हिएन्नात पुढे विश्वविजेता झालेल्या अलेखाइनला त्याच बचावाने हरवले. परंतु या चाली पटावर त्याच्या सदुसष्ट वर्षे आधी, १८५५ मध्ये कोलकात्यात पडल्या होत्या.

स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांच्याविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते. आपल्याकडील देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते आणि किल्लेकोट नसतो. नौपाड्यातील जुन्या घरांत आजोबांकडून हा खेळ शिकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा संथ खेळात उंटाला घोड्यासमोरील प्याद्यामागे बसवून दुरून मारा करणे स्वाभाविक वाटते, आणि महेशचंद्रांच्या डावांतील उंटाची ती जागा मला त्याच सवयीतून आलेली दिसते. ग्रुनफेल्डची कल्पनाही अशा उंटावरच उभी आहे: काळा पांढऱ्याला मध्यावर प्याद्यांची फळी उभारू देतो आणि मग जी-७ या घरावरील उंट व सी-स्तंभातील (पांढऱ्याच्या डावीकडून तिसऱ्या उभ्या रांगेतील) प्यादे यांच्या साहाय्याने तीच फळी फोडतो. फळी टिकली तर काळा गुदमरतो. म्हणूनच हा बचाव धारदार मानला जातो.

तो डाव महेशचंद्र हरले, कॉक्रेन यांनी घोड्याने मात साधली. मात्र त्याच काळातील दुसऱ्या एका डावात, किंग्ज इंडियन या दुसऱ्या बचावासारख्या रचनेत, त्यांनी नवव्या चालीला घोड्याचा बळी देऊन कॉक्रेनना हरवले. हा डाव प्रत्येक वर्गात पटावर मांडून दाखवावा, असे मला मनापासून वाटते. ‘इंडियन’ हे या बचावांच्या घराण्याचे नावही त्यांच्याच खेळाशी जोडले जाते.

पुढे १९५६ मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध ग्रुनफेल्डमध्येच वजीर देऊन डाव जिंकला. २०१० च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत सोफियात विश्वनाथन आनंदनेही पहिल्याच डावात हा बचाव निवडला. त्याचा प्रतिस्पर्धी टोपालोव्हने तो डाव तीस चालींत जिंकला, पण लढत अखेर साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी आनंदने राखली.