पीएचडीचा गाइड मायाळू हवा की कडक?

साताऱ्यात किंवा सांगलीत शिक्षणशास्त्रात पीएचडी करणारी व्यक्ती बहुतेक वेळा आधीच कुठेतरी शिकवत असते. जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर हायस्कूल, नाहीतर बी.एड. कॉलेज. सकाळी परिपाठ, दुपारी पोषण आहाराच्या नोंदी, मध्येच निवडणुकीचं काम. प्रबंधाच्या वाट्याला येतो रविवार, तोही लग्नसराई नसेल तर. पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा पास होणं, कोर्सवर्क, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, इथपर्यंत गाडी बरी चालते, कारण पुढे काय करायचं ते कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. त्यानंतर एक लांबलचक मोकळा काळ सुरू होतो. अनेकांचं काम अडतं ते इथेच. गाइडचा फोन आला तरी उचलायची भीती वाटते आणि गावात मात्र लोक विचारत राहतात, “काय सर, डॉक्टर कधी?”

असं अडलं की आपण चटकन म्हणतो, ‘झेपलं नाही त्याला.’ अमेरिकेत बार्बरा लोव्हिट्स यांनी पीएचडी पूर्ण केलेल्यांची आणि अर्ध्यात सोडलेल्यांची तुलना केली. २००१ मध्ये मांडलेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या आधीच्या गुणवत्तेत म्हणावा असा फरक नव्हता. फरक होता तो प्रवेशानंतर त्यांच्या वाट्याला काय आलं यात, आणि गाइडशी असलेलं नातं त्यात फार वरच्या जागी होतं. तिथलीच दुसरी एक मोठी पाहणी सांगते की पीएचडीला प्रवेश घेतलेल्यांपैकी दहा वर्षांत ती पुरी करणारे जेमतेम ५७ टक्के असतात. म्हणजे गळती हा काही आपल्याकडचा खास आळस नाही.

मनावरच्या ताणाचे आकडेही आहेत. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. साधारण ३२ टक्के जणांना नैराश्यासारख्या मानसिक आजाराचा धोका दिसला. ज्यांचा गाइड उमेद देणारा होता त्यांच्यात हा धोका कमी होता. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून सोडून देणाऱ्या गाइडच्या विद्यार्थ्यांत तो जास्त होता. काम आणि घर यांची ओढाताण हेही त्यात एक ठळक कारण निघालं. आपल्या शिक्षक-संशोधकांना हे वेगळं सांगायला नको.

अर्थात अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. आनंदी माणसाला गाइडही बरा वाटतो, खचलेल्याला चांगला गाइडही खडूस वाटू शकतो. म्हणून मला पाहण्यांपेक्षा प्रयोग जास्त बोलके वाटतात.

त्यातला एक १९९९ चा. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी स्टॅनफर्डच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांकडून लेखन करून घेतलं आणि त्यावर कडक टीका केली. काहींना नुसती टीका मिळाली, काहींना आधी थोडी स्तुती आणि मग टीका. तिसऱ्या गटाला टीकेबरोबर दोन गोष्टी सांगितल्या: इथली कसोटी उंच आहे, आणि तुमचं काम पाहता तुम्ही तिथे पोचू शकता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मनात ‘हा आपल्याला कमी लेखतोय का’ हा संशय आधीच असतो. त्यांच्यावर तिसऱ्या पद्धतीचा परिणाम सर्वांत चांगला झाला. नुसती साखर पेरून भागलं नाही.

पुढे डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी हेच सातवीच्या वर्गात करून पाहिलं. निबंधावर शिक्षकांचे शेरे होतेच. काही वह्यांना एक चिठ्ठी जोडली, ‘माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे दिले.’ बाकीच्यांना साधी, कोरडी चिठ्ठी होती. कृष्णवर्णीय मुलांमध्ये निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून सत्तरच्या आसपास गेलं. मुलं थोडी होती आणि ती शाळेतली होती, हे ध्यानात ठेवायचं. तरीही एका ओळीच्या मानाने हा परिणाम मोठाच.

आता हे आपल्या मातीत बघू. समजा, जत तालुक्यातल्या एक शिक्षिका चौथीच्या मुलांवर गणिताचा प्रयोग करताहेत. पूर्वचाचणी सप्टेंबरमध्ये, उत्तरचाचणी फेब्रुवारीत, मुलं तीस. आराखड्यावर एक गाइड लिहितो, ‘नमुना निवड योग्य नाही. पुन्हा करा.’ दुसरा लिहितो, ‘दिवाळीनंतर तुमची किती मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात? ती फेब्रुवारीत वर्गात नसतील. मागच्या दोन वर्षांची हजेरी काढा आणि मला आकडा सांगा. कदाचित उत्तरचाचणी ऑक्टोबरमध्येच उरकावी लागेल, किंवा गेलेल्या मुलांचा वेगळा विचार करावा लागेल. हे तुम्हाला जमेल, कारण ही मुलं तुमच्याइतकी जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेली नाहीत.’ चूक दोघांनीही तीच दाखवली. दुसरा शेरा उलट जास्त कडक आहे, कारण त्यात पळवाट नाही. पण बाई उद्या सकाळी शाळेत जाऊन हजेरीपटच उघडणार. पहिला शेरा घेऊन त्या काय करतील, देव जाणे.

गंमत अशी की हे शास्त्र शिक्षणशास्त्राच्याच पोटातलं आहे. डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या तीस मुलांना २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला. मदत किती करायची हे शिकवणारीने मुलाच्या हाताकडे बघून ठरवायचं. तो अडला की थोडी जास्त, जमायला लागलं की कमी. घर बांधताना लावलेली परांची काम पुढे सरकेल तशी काढतात, त्यावरूनच या मदतीला ‘स्कॅफोल्डिंग’ म्हणजे परांची हे नाव पडलं. बी.एड.ला हा प्रश्न हमखास येतो आणि आपण रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीसकट पाठ करून लिहितो. पीएचडीच्या खोलीत शिरताना मात्र तो बाहेर चपलांबरोबर ठेवला जातो. सुरुवातीला संदर्भ साहित्याचं प्रकरण कसं लिहायचं ते शेजारी बसून दाखवायचं असतं; शेवटच्या वर्षी वाक्यावाक्यात हात घातला, तर व्हायवात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, विद्यार्थ्याला स्वतःचाच प्रबंध ओळखू येत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. अशा संस्थांमुळे शाळा ज्या घरांत पोचली, त्यांची नातवंडं आज पीएचडीला बसताहेत. घरात पाटी-पेन्सिल आली, पदवी आली. पण नियतकालिकाने पेपर परत पाठवला तर ते अपयश नसून रोजचा रिवाज आहे, गाइडला स्वतःहून ईमेल केला तर उद्धटपणा ठरत नाही, परिषदेत प्रश्न विचारता येतो, हे घरी कोण सांगणार? प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला ते जेवताना कानावर पडतं. बाकीच्यांना गाइडने तोंडाने सांगावं लागतं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

सगळा भार गाइडवर टाकणंही बरोबर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पेक्षा जास्त संशोधक असू शकत नाहीत. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात काम मांडायचं असतं. बऱ्याच जणांना ही बैठक म्हणजे सह्यांचा सोपस्कार वाटतो. पण कामातली अडचण मांडायची ती अधिकृत जागा आहे. तिथे ‘काम चालू आहे’ असं मोघम सांगण्यापेक्षा अडलेला एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा. एकाच तालुक्यातल्या तीन-चार शिक्षक-संशोधकांनी महिन्यातून एक रविवार ठरवून एकमेकांची प्रकरणं वाचायला घेतली, तर कच्चा मसुदा गाइडपर्यंत जायच्या आधीच त्यातल्या ढोबळ चुका निघून जातात, आणि गाइडचा वेळ ऊसतोडीच्या हजेरीसारख्या खऱ्या अडचणींना मिळतो.