एकाच घरातले दोन संगणक एकमेकांना का ओळखत नाहीत : फाइल शेअरिंगची पार्श्वभूमी

घरात नवा लॅपटॉप येतो, पण जुने फोटो, मुलांच्या निबंधांच्या फाइली आणि घराच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवरच राहतात. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले असतात, इंटरनेट दोन्हींवर व्यवस्थित चालते, आणि तरीही एकावरून दुसऱ्याचा फोल्डर उघडायला गेले की नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट येते. बरोबर पासवर्ड दिला तरी ती पुन्हा तशीच समोर उभी राहते. अशा वेळी दोष केबलला किंवा स्वतःच्या अज्ञानाला दिला जातो, आणि तो दोन्हींवर अन्याय असतो. दारात आलेला कोण आहे आणि त्याला घरात घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर विंडोजच्या जवळजवळ प्रत्येक आवृत्तीने बदलले, आणि घरातले दोन संगणक त्यांतल्या दोन वेगवेगळ्या उत्तरांशी प्रामाणिक राहतात, एवढेच झालेले असते.

ज्या पद्धतीने विंडोज संगणक एकमेकांच्या फाइली उघडतात, तिचे नाव एसएमबी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिची पहिली रचना केली. तिच्या खाली नेटबायोस नावाचा थर होता, जो १९८४ च्या आयबीएम पीसी नेटवर्कबरोबर आला. या थरात प्रत्येक संगणकाला पंधरा अक्षरांपर्यंतचे नाव मिळे आणि सोळावी जागा तो संगणक कोणते काम करतो हे सांगण्यासाठी राखलेली असे. एखादा संगणक हवा असेल तर त्याचे नाव साऱ्या नेटवर्कवर पुकारायचे आणि ज्याचे नाव असेल त्याने ओ द्यायची, अशी ही व्यवस्था एका कार्यालयातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या माणसांसाठी पुरेशी होती. तारेवर कोणी परका असेल ही शक्यता तेव्हा फारशी विचारातच नव्हती.

मायक्रोसॉफ्टने हीच पद्धत पुढे वाढवली आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये आलेल्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समुळे ती साध्या डेस्कटॉपवर पोहोचली. विंडोज ९५ पासून ती घरात आली. इथेच पहिली फूट पडली, आणि माझ्या मते पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिच्यात आहे. ९५ आणि ९८ मध्ये पासवर्ड सहसा फोल्डरला लावलेला असे. ज्याला तो माहीत, त्याला तो फोल्डर खुला. १९९३ पासूनच्या विंडोज एनटीमध्ये मात्र पासवर्ड माणसाचा असे: आधी तुम्ही कोण ते सांगा, मग तुम्हाला काय दाखवायचे ते ठरेल. एकाने कुलूप पेटीला लावले होते, दुसऱ्याने उंबरठ्यावर नाव विचारायला माणूस बसवला होता. पेटीचे कुलूपही कच्चे होते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डाची किती अक्षरे तपासायची हे फोल्डर मागणारा संगणकच सांगू शकत असे, त्यामुळे पहिले एक अक्षर जुळले तरी फोल्डर उघडता येई. हा दोष ऑक्टोबर २००० मध्ये दुरुस्त झाला.

पासवर्ड ज्या रूपात साठवला जाई, तेही पाहण्यासारखे आहे. लॅन मॅनेजर या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या नेटवर्क-सॉफ्टवेअरच्या पद्धतीत पासवर्डाची सगळी इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये बदलली जात, तो चौदा अक्षरांपर्यंत भरून काढला जाई आणि सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करून प्रत्येकाचे स्वतंत्र गणित केले जाई. म्हणजे नऊ अक्षरांचा पासवर्ड ठेवला, तर फोडणाऱ्यापुढे एक सात अक्षरांचे आणि एक अवघे दोन अक्षरांचे कोडे उरे. ९८ चा संगणक मुळात एवढेच बोलू शकत असे. २००७ मध्ये बाजारात आलेली विंडोज व्हिस्टा हे जुने रूप साठवतच नसे, त्यामुळे ९८ वरून पाठवलेला अगदी बरोबर पासवर्डही तिला ताडून पाहता येत नसे. वापरणाऱ्याला दिसे ती फक्त पुन्हा आलेली चौकट.

मराठी वापरणाऱ्यांना याच काळात आणखी एक भिंत लागली. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली आणि ती केवळ युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या साऱ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधारे. ९८ च्या संकेतपृष्ठांत, म्हणजे अक्षरांच्या जुन्या मर्यादित तक्त्यांत, देवनागरीला जागाच नव्हती. पुढच्या विंडोज एक्सपीवर ‘आजीची पत्रे’ अशा नावाने ठेवलेली फाइल ९८ वाल्या संगणकावर त्या नावाने दिसू शकत नसे. फाइल शाबूत असे, तिचे नाव मात्र वाटेत हरवे.

नेटवर्कमधल्या संगणकांची यादी हाही त्या काळातला मोठा मनस्ताप. ही यादी ठेवण्याचे काम संगणकांपैकीच एकाकडे असे आणि तो निवडणुकीने ठरे. त्या निवडणुकीत नव्या आवृत्तीचे पारडे जड असे. चालू असलेला प्रत्येक संगणक स्थिरावल्यावर दर १२ मिनिटांनी आपली हजेरी कळवी, आणि सलग तीन हजेऱ्या चुकल्यावरच त्याचे नाव काढले जाई. म्हणून बंद केलेला संगणक अर्धा तास उलटून गेला तरी यादीत दिसत राही. त्यात एक्सपीच्या होम आवृत्तीत वर्कग्रुपचे नाव मुळात ‘एमएसहोम’ असे, तर प्रोफेशनलमध्ये ‘वर्कग्रुप’. एकाच घरातले दोन एक्सपी संगणक त्यामुळे दोन वेगळ्या गटांत पडत.

एक्सपीने घरासाठी निवडलेली वाट सोपी होती: नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण पाहुणा समजायचा आणि त्याला पासवर्ड विचारायचा नाही. घरच्यांना हे सोयीचे वाटले. त्याच वेळी, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्या खात्याने फक्त संगणकासमोर बसूनच काम करावे, नेटवर्कवरून नाही, हा नियमही एक्सपीनेच आणला. पाहुण्यांच्या दारामुळे तो घरात कोणाला जाणवला नाही. व्हिस्टाने ते दार मुळातच बंद ठेवले आणि हा नियम अचानक आडवा आला. घरातल्या ज्या माणसाने कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता, त्याच्याकडे आता पासवर्ड मागितला जाऊ लागला, आणि जागा रिकामी ठेवली तर नकार मिळू लागला.

यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ मध्ये होमग्रुप आला. संगणक स्वतः एक पासवर्ड तयार करून देई, तो दुसऱ्या संगणकावर टाकला की काम संपे. कल्पना चांगली होती, पण तिच्यात एक्सपी आणि व्हिस्टाला जागा नव्हती, आणि ज्या घरात सगळे संगणक नवे, तिथे अडचण मुळातच कमी होती. एप्रिल २०१८ च्या विंडोज १० मधून होमग्रुप काढून टाकण्यात आला.

या साऱ्या काळात विंडोज आणि विंडोजबाहेरचे संगणक या दोन जगांना जोडण्याचे सर्वांत चिकाटीचे काम मायक्रोसॉफ्टच्या बाहेर झाले. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून एसएमबीसारखाच बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहायला घेतला. शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधताना ‘साम्बा’ हे नाव सापडले. लिनक्स ही वेगळी कार्यप्रणाली वापरणारे संगणक आणि घरी नेटवर्कला जोडून ठेवायच्या अनेक साठवण-पेट्या आज त्याच्याच बळावर विंडोजशी बोलतात. स्पर्धकांना अशी तांत्रिक माहिती न दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दिलेल्या निर्णयानंतर आणि २००७ मध्ये तो न्यायालयात टिकल्यानंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये साम्बाच्या चमूला अधिकृत तांत्रिक दस्तऐवज मिळण्याचा मार्ग खुला झाला.

व्हिस्टाबरोबर एसएमबी २ आले होते, ज्याने शंभराहून अधिक आज्ञांचा पसारा १९ वर आणला. तरी जुना एसएमबी १ सोबतीला राहिलाच, कारण कोणाच्या तरी घरी एक्सपी चालू होते. त्याची किंमत १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामच्या रूपाने कळली. एसएमबी १ मधल्या एका त्रुटीतून ते संगणकामागून संगणक पसरत गेले आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. आधार संपलेल्या एक्सपीसाठीही मग ती खास काढावी लागली.

त्या वर्षाच्या शरदातल्या विंडोज १० मध्ये, नव्याने बसवलेल्या होम आणि प्रो आवृत्त्यांत एसएमबी १ चा फाइल देणारा भाग नसे. मागणारा भाग असे, पण १५ दिवस वापरला नाही तर तोही आपोआप निघून जाई. म्हणून तेव्हाच्या नव्या लॅपटॉपवरून एक्सपीचा फोल्डर काही दिवस उघडे, उलट दिशेने उघडत नसे, आणि एके दिवशी दोन्ही दिशा बंद होत. संगणकांची जुनी यादीही एसएमबी १ वरच उभी असल्याने ती त्याच्याबरोबर गेली.

२०२४ च्या विंडोज ११ मधल्या २४एच२ या आवृत्तीने, प्रो आणि तिच्या वरच्या प्रकारांत, प्रत्येक संदेशावर सही असणे मुळातच सक्तीचे केले. ही सही पासवर्डातून निघालेल्या किल्लीने होते. बिनपासवर्डाच्या पाहुण्याकडे अशी किल्ली नसते, त्यामुळे जुनी साठवण-पेटी पाहुणा म्हणून उघडायची सवय असलेल्या घरांत आता त्या पेटीवर नाव-पासवर्डाचे खाते तयार करावे लागते.