अर्धा ओढलेला हँडब्रेक

फक्त मागच्या चाकांवर चालणारी पिकअप कच्च्या वाटेवर अडकली आणि एक चाक जागेवर गरगरू लागलं, की जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास सांगतं, "हँडब्रेक अर्धा ओढा आणि हळूहळू रेस द्या. फिरणारं चाक आवळलं जाईल आणि ताकद दुसऱ्याकडे जाईल." हा सल्ला मीही जाणकाराचा आव आणून अनेकांना दिला आहे. पुढे एकदा कागदावर आकडे मांडले आणि ओशाळलो.

या सल्ल्यामागे एक समज आहे. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची जुळणी, आळशी असतं, जे चाक सहज फिरतं त्यालाच सगळी ताकद देऊन टाकतं, असं लोक मानतात. प्रत्यक्षात त्याचा स्वभाव कमालीचा समन्यायी आहे आणि आपली गाडी रुतते ती त्या समन्यायापायीच.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एकाला फरपटत जावं लागेल. यावरचा तोडगा, म्हणजेच डिफरन्शियल, ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, वाफेच्या गाडीसाठी शोधला होता. इंजिनाकडून येणारा शाफ्ट एक मोठं चक्र फिरवतो. त्या चक्राबरोबर फिरणाऱ्या घरट्यात छोटे पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाकं, असतात आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन चाकांचे गिअर. प्रत्येक पिनियन स्वतःच्या आसाभोवतीही फिरू शकतो.

एक काठी मधोमध धरा आणि तिच्या दोन टोकांनी शेजारशेजारच्या दोन दारांवर रेटा द्या. दोन्ही दारं सारखाच विरोध करत असतील तर काठी सरळ पुढे जाते. पण एक दार सताड उघडं असेल तर काठी नुसती गिरकी घेते आणि बंद दारावर काहीच जोर पडत नाही. पिनियन म्हणजे ही काठी. तो दोन्ही बाजूंना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे टॉर्क, देतो. एक चाक चिखलात असेल आणि चिखल टॉर्क झेलायलाच तयार नसेल, तर दुसऱ्या, खडकावर टेकलेल्या चाकालाही तेवढाच क्षुल्लक टॉर्क मिळतो. चाकांच्या वेगांचं मात्र तसं नाही. दोन्ही वेगांची सरासरी म्हणजे त्या मोठ्या चक्राचा वेग. स्पीडोमीटर शाफ्टवरून वेग मोजत असेल आणि रुतलेल्या गाडीत तो ४० दाखवत असेल, तर एक चाक शून्यावर आहे आणि दुसरं ८० वर. छोट्या पिनियनांना अशा गतीने सतत फिरायची सवय नसते. ते तापतात, कधी कधी तुटतातही.

आता आकडे. पिकअप १८०० किलोची, रिकामी. इंजिन आणि केबिन पुढे असल्याने मागच्या ॲक्सलवर साधारण ४२ टक्के वजन धरू. म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर सुमारे ३७०० न्यूटन. चिखलातल्या चाकाचा घर्षणांक ०.१ आणि खडकावरच्या चाकाचा ०.७ धरला, तर चिखलातलं चाक ३७० न्यूटन ढकलू शकतं आणि खडकावरचं २६००. पण समन्याय आडवा येतो. खडकावरच्या चाकालाही ३७० च मिळतात. एकूण ७४०. चिखलाचा चाकांना होणारा विरोध गाडीच्या वजनाच्या फक्त ५ टक्के धरला, तरी तो ८८० भरतो. सपाटीवरसुद्धा गाडी हलणार नाही. दोन्ही चाकं एकमेकांना जखडणारा डिफरन्शियल लॉक असता, तर हाच आकडा २९७० झाला असता.

काही वाटांबद्दल "ती जागाच गाड्या धरते" असं सांगतात आणि त्याला काही तरी बाहेरचं कारण चिकटवतात. अशा जागी खाली वाकून पाहावं. बहुधा एका अंगाला पाझर असतो नाहीतर खळगा असतो, एक चाक ओलं किंवा अधांतरी होतं आणि बाकीचं काम वरचं गणित करतं.

आता हँडब्रेक ओढू. तो बहुतेक पिकअपमध्ये मागच्या दोन्ही चाकांना सारखाच आवळतो. चाकाच्या काठावर मोजला तर हा विरोध प्रत्येकी १००० न्यूटन आहे असं समजा. चिखलातल्या चाकापाशी आता चिखलाचे ३७० अधिक ब्रेकचे १००० असे १३७० न्यूटन साठतात. डिफरन्शियल इमानाने तेवढेच दुसऱ्या बाजूला देतं. छान! पण दुसऱ्या चाकावरही तोच ब्रेक बसलेला आहे आणि तो त्यातले १००० गिळतो. जमिनीपर्यंत पोचतात किती? ३७०. जिथून निघालो तिथेच परत. मधल्या मध्ये ब्रेक लायनर तापले आणि इंधन गेलं.

मग काहींची गाडी खरोखर निघते ती कशी? एक तर हँडब्रेकची केबल दोन्ही बाजूंना अगदी सारखी ओढत नाही. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक योगायोगाने जास्त आवळला गेला तर फायदा, उलट झालं तर तोटा. दुसरं कारण डिफरन्शियलमधल्या आतल्या घर्षणाचं. त्यामुळे थांबलेल्या चाकाला थोडा जास्त टॉर्क मिळतो. हा फरक १० टक्के धरला तर हँडब्रेकशिवाय खडकावरच्या चाकाला ४०७ न्यूटन मिळतात आणि हँडब्रेक ओढल्यावर १३७० ची १.१ पट वजा १००० म्हणजे ५०७. शंभर न्यूटनची कमाई, म्हणजे साधारण दहा किलोंचा धक्का. एका माणसाने मागून ढकललं तर याहून जास्त जोर मिळतो.

हेच गणित टॉर्सन जातीच्या डिफरन्शियलला लावलं की चित्र पालटतं. (इथे कागद-पेन्सिल घेतलीत तर बरं.) त्याचे गिअर मुद्दाम असे कापलेले असतात, की थांबलेल्या चाकाला फिरणाऱ्याच्या, समजा, तिप्पट टॉर्क मिळावा. ब्रेक नसताना ३७० चे तिप्पट, म्हणजे १११०. ब्रेक लावल्यावर १३७० चे तिप्पट वजा १००० म्हणजे ३११०, खडकाची पकड पेलू शकेल त्याहूनही जास्त. अमेरिकी सैन्याच्या हमवी गाडीत अशीच डिफरन्शियल असतात आणि ब्रेक-ॲक्सिलरेटर एकत्र दाबायचं तंत्र तिच्या चालकांना रीतसर शिकवतात. तंत्र खरं आहे, आपण ते भलत्या यंत्राला लावतो. साध्या डिफरन्शियलवर ब्रेकचा उपयोग करायचा तर तो फक्त फिरणाऱ्या चाकावर लागला पाहिजे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक-पेडल वेगळे असतात, त्याचा असा उपयोग होतो. नव्या गाड्यांमधला ट्रॅक्शन कंट्रोल तेच काम संगणकाकडून करून घेतो.

चढावर दुसरी अडचण येते. १५ अंशांच्या चढावर चारही चाकं ओढत असतील तर ०.२७ घर्षणांक पुरतो. आपल्या रिकाम्या पिकअपला, चढावर थोडं वजन मागच्या चाकांकडे सरकतं हे धरूनही, साधारण ०.५६ लागतो, कारण वजन सगळ्या गाडीचं ओढायचं आणि पकड मात्र निम्म्याहून कमी वजनाची. हौद्यात, बरोबर मागच्या ॲक्सलवर, ३०० किलो घट्ट बांधले तर गरज ०.४८ वर येते. वजन वाढवून चढ सोपा होतो हे विचित्र वाटतं, पण सगळी भर ओढणाऱ्या चाकांवरच पडलेली असते. ते वजन हौद्याच्या अगदी टोकाला टाकू नये. पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. जाता जाता, चारही चाकांवर चालणारी गाडी उतारावर लवकर थांबते असं समजणारे भेटतात. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात.

वाळूत खेळ टायरच्या हवेचा. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं हे शाळेत शिकलेलं असतं, मग हवा कमी करून काय मिळतं? कूलाँ या फ्रेंच सैनिकी अभियंत्याने १७७६ साली छापलेल्या निबंधात मातीच्या ताकदीचे दोन भाग केले: एक चिकटपणाचा, तो क्षेत्रफळाबरोबर वाढतो, आणि दुसरा घर्षणाचा, तो वजनाबरोबर वाढतो. कोरड्या वाळूत चिकटपणा जवळजवळ शून्य. म्हणजे पसरट टायरने वाळूची पकड फारशी वाढत नाही. फायदा होतो तो कमी रुतण्याचा. पक्क्या रस्त्यावर चाकांना वजनाच्या एक-दीड टक्का विरोध होतो, मोकळ्या वाळूत तो २०-३० टक्क्यांवर जातो, कारण चाक सतत स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून वर चढत असतं. टायरचा जमिनीवरचा दाब ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. ३५ पीएसआयवरून १८ वर आणलं की जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो, तोही मुख्यतः लांबीत. खड्डा उथळ होतो आणि विरोध घटतो. फार खाली गेलं तर टायर रिममधून निसटू शकतो. पक्क्या रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरायलाच हवी, नाहीतर टायरच्या भिंती वाकून वाकून तापतात.

१९७१ साली अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीला हवेचे टायर नव्हतेच, तारांच्या जाळीची चाकं होती, आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. म्हणजे डिफरन्शियलचा प्रश्नच निकालात. मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतीतल्या मागच्या चाकांवर धावणाऱ्या ट्रॉफी ट्रकांनी आणखी सरळ उपाय केला. ते मागची दोन्ही चाकं कायमची एकत्र जखडून टाकतात. वळणावर चाक फरपटलं तर वाळूत त्याची पर्वा कोणाला!

आपल्या साध्या पिकअपकडे यातलं काही नाही. म्हणून गाडीचा वेग मरतोय आणि चाक घसरू लागलंय असं वाटताच ॲक्सिलरेटर सोडायचा. ओढणारं चाक नुसतं फिरलं की प्रत्येक फेरीत ते खाली खणत जातं. ॲक्सल जमिनीला टेकला, की गाडीचं वजन चाकांवरून उतरून पोटावर येतं आणि मग लॉकसुद्धा काही करू शकत नाही. त्याआधीच स्टिअरिंग सरळ ठेवून रिव्हर्स टाकावा आणि आलो त्याच चाकोरीतून मागे जावं. तिथली वाळू आपल्याच चार चाकांनी एकदा दाबलेली असते आणि तिचा विरोध समोरच्या मोकळ्या वाळूपेक्षा कमी असतो.