अर्धा एमओएची रायफल आणि रानातला नेम: दोन वेगळी मापं

अमेरिकेत कुरणं पोखरणारे प्रेअरी डॉग आणि ग्राउंडहॉग (दोन्ही बिळात राहणारे, खारीच्या कुळातले प्राणी) किंवा कोकरांवर टपलेले कायोटी (कोल्ह्यासारखे प्राणी) मारायला जी रायफल वापरतात, तिला व्हार्मिंट रायफल म्हणतात. जाड नळी, हलका चाप, जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण आणि .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० रेमिंग्टन किंवा .२०४ रूगरसारखं वेगवान काडतूस. ‘ही अर्धा एमओए मारते’ (एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, गोळ्या किती फाकतात त्याचं कोनातलं माप) हे तिच्याबद्दल हमखास ऐकू येतं. त्यावरून लगेच हिशोब होतो: ३०० यार्डांवर दीड इंच, म्हणजे प्रेअरी डॉग चुकायचा नाही. तरीही तो चुकतो, आणि मग नवी नळी, नवी दुर्बीण, नवी गोळी अशी खरेदी सुरू होते.

अर्धा एमओए हे बाकावर वाळूच्या पिशव्यांत बसवलेल्या रायफलीचं आणि एका विशिष्ट काडतुसाचं माप आहे. रानात गोळी कुठे लागेल हे नेमबाजाची बैठक, अंतराचा अंदाज आणि वारा हे सगळं मिळून ठरवतं.

आधी रायफलीचं माप. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच (१०० मीटरवर सुमारे २९ मिमी). ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) मोजताना सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर धरतात. गोम गोळ्यांच्या संख्येत असते. ३ गोळ्यांचा ग्रुप सरासरीने अर्धा इंच येत असेल, तर त्याच रायफलीचा ५ गोळ्यांचा ग्रुप सरासरीने ०.६४ इंच येतो आणि १० गोळ्यांचा जवळपास ०.८ इंच. रायफल बिघडलेली नसते, जास्त गोळ्यांत टोकाची छिद्रं पडायला जास्त संधी मिळते एवढंच. वेदरबीची सब-एमओए हमीसुद्धा ३ गोळ्यांची आहे: १०० यार्डांवर ०.९९ इंच किंवा कमी. हमी खोटी नव्हे, पण ती कशाची आहे हे बघून घ्यावं. खिशात जपलेल्या एकुलत्या एक सुंदर कागदी निशाण्यावर तर अजिबात विसंबू नये. सलग पाच-सहा ग्रुपची सरासरी काढावी, आणि ‘ही गोळी माझ्यामुळे गेली’ म्हणून एकही छिद्र वगळू नये.

शिवाय ग्रुपचा आकार गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात तेवढंच सांगतो, कुठे पडतात ते नाही. दोन इंच डावीकडे पडणारा पाव इंचाचा ग्रुप प्रेअरी डॉगला धक्काही लावत नाही. म्हणून झिरो (ठरलेल्या अंतरावर गोळी नेमावरच पडेल अशी दुर्बिणीची जुळणी) वेगळा तपासावा लागतो, तोही थंड नळीच्या पहिल्या गोळीवर. स्वच्छ, तेल पुसलेल्या थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी बऱ्याच रायफलींमध्ये बाकीच्यांपासून थोडी दूर पडते, आणि रानात खरी कामाची गोळी बहुतेकदा तीच असते.

ग्रुप अचानक फाकला तर आधी फुकटच्या गोष्टी तपासाव्यात. नळी आणि दस्त्याच्या लाकडाच्या मधून कागदाची पट्टी टोकापासून मागपर्यंत सरकते का? मध्येच अडली तर तिथे दस्ता नळीला टेकतोय. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू (घट्टपणा साधारण १५ ते २० इंच-पाउंड) आणि अॅक्शनचे (काडतूस भरणाऱ्या यंत्रभागाचे) स्क्रू सैल झालेत का? गोळीचं वजन (ते ग्रेन या छोट्या एककात मोजतात) नळीच्या पिळाला, म्हणजे आतल्या खोबणींच्या वळणाला, मानवतं का? .२२-२५० ला जुन्या पद्धतीचा १४ इंचांत एक फेरा असा पिळ असेल, तर ५५ ग्रेनची गोळी स्थिर उडते, पण ७५ ग्रेनची लांब गोळी भोवंडते आणि कागदावर आडवी छिद्रं पडतात. आणि नळी तापली का? प्रेअरी डॉगच्या वसाहतीत झटपट पंधरा-वीस गोळ्या झाल्या की बारीक नळी मार बदलू शकते. जाड नळी उशिरा तापते, तिचा मुख्य फायदा हाच. शिवाय तापलेल्या नळीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा दुर्बिणीसमोर येतात आणि निशाणा जागचा हलल्यासारखा दिसतो.

आता दोन्ही मापं एकत्र कशी येतात ते बघू, कारण सगळा घोळ इथेच आहे. रायफलीची चूक आणि माणसाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. समजा रायफल १ एमओएची आहे, आणि गुडघ्यावर बसून काठ्यांच्या टेकूवरून नेमबाजाची स्वतःची चूक ३ एमओए आहे. एकूण ३.१६. आता पैसे ओतून अर्धा एमओएची रायफल आणली: एकूण ३.०४. फरक दिसणारही नाही. रायफल तीच ठेवून बैठक सुधारली आणि माणसाची चूक दीडवर आली, तर एकूण १.८०. मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते.

पण हेच गणित उलटंही चालतं, आणि ‘रायफल काही महत्त्वाची नाही, माणूस महत्त्वाचा’ म्हणणाऱ्यांना ते आवडत नाही. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत फिरत्या बाकावर बसून, पुढे-मागे पिशव्या लावून मारणाऱ्याची चूक अर्ध्या एमओएवर येऊ शकते. तिथे १ एमओएच्या रायफलीने एकूण १.१२ होतात आणि अर्ध्याच्या रायफलीने ०.७१. उभा प्रेअरी डॉग तीन-साडेतीन इंच रुंद, त्यामुळे ३०० यार्डांवर हा फरक लागण्या-चुकण्याचा आहे. दुर्बिणीसकट १०-१२ पाउंडांची जड रायफल तिथे शोभते. चालत जाऊन, हाक देऊन कायोटी बोलावणाऱ्याच्या हातात ती नुसती ओझं होते.

वारा या हिशोबात धरलेलाच नाही. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी ३२४० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटली, तर ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर फूटभर सरकते. वाऱ्याचा अंदाज ताशी ३ मैलांनी चुकला की साडेतीन इंचांहून थोडी जास्त चूक, म्हणजे अख्ख्या प्रेअरी डॉगची रुंदी. वारा गोळीच्या मार्गाशी ३० अंशांनी तिरका असेल तर परिणाम निम्मा धरावा, ४५ अंशांनी असेल तर सुमारे सात दशांश. अंतराचंही तसंच. २०० यार्डांवर झिरो केलेली हीच गोळी ३०० वर सुमारे ७ इंच खाली असते आणि ३५० वर आणखी ६ इंच खाली. लेझरने अंतर मोजलं की ही चूक जवळजवळ संपते. वाऱ्यासाठी असं साधन नाही: तुमच्या हातातला वारामापक फक्त तुमच्या जागचा वारा सांगतो, मधल्या गवताकडे बघावंच लागतं.

बैठकीबद्दल एकच चाचणी सांगतो. नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास घेऊन सोडा, डोळे उघडा. दुर्बिणीतला क्रॉस निशाण्यावरून हलला असेल तर हाताने ओढून आणू नका. कंबर किंवा कोपर सरकवून सगळं शरीरच वळवा. स्नायूंनी धरून ठेवलेली रायफल चाप सुटताना आपल्या मूळ दिशेला परत जाते. बायपॉड (दोन पायांचा टेकू) पुढे असला तरी बहुतेकांचा नेम मागच्या टोकाला हलतो, दस्त्याखाली पिशवी नसल्यामुळे. नळी मात्र कशावरही टेकवू नये, मार बदलतो. झूमही कमी ठेवावा. २० पटीवर प्राणी दुर्बिणीत सापडेपर्यंत बिळात गेलेला असतो.

रानातली क्षमता मोजायची तर ३ इंचांच्या चकत्या लावा: १००, २०० आणि ३०० यार्डांवर. मागे मातीचा बांध हवाच. प्रत्येक गोळीआधी उठून चार पावलं चाला, पुन्हा बैठक घ्या, ६० सेकंदांत एकच गोळी. चार गोळ्या आडवं पडून बायपॉडवरून, चार बसून काठ्यांवरून, दोन गुडघ्यावरून. लागल्या किती ते लिहा, आणि चुकलेल्या कुठे गेल्या तेही. डावी-उजवीकडे पसरल्या तर आधी वारा तपासा, मग दुर्बीण कलते का ते. वर-खाली पसरल्या तर अंतर, श्वास किंवा मागचा आधार, आणि फक्त लांबवरच पसरत असतील तर काडतुसांच्या वेगातला फरक. बाकावर छान आणि इथे सगळीकडे विखुरल्या, तर नवीन नळीची ऑर्डर थांबवून रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याचा सराव करावा, दिवसाला वीसेक वेळा, प्रत्येक वेळी बैठक नव्याने घेऊन.