रिमोटची गाडी घ्यायचीय? आधी जागा बघा, मग गाडी

दुकानात येणारे बहुतेक जण मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवतच आत येतात. गाडी रॅम्पवरून उडते, हवेत कोलांटी मारते, धुरळा उडवत निघून जाते, आणि मग म्हणतात हीच पाहिजे. देऊ की, धंदाच आहे आमचा. पण आम्ही आधी एकच विचारतो, चालवणार कुठे? कारण तो व्हिडिओ एखाद्या मोठ्या मोकळ्या माळरानावरचा असतो आणि तुम्ही राहता तिसऱ्या मजल्यावर, खाली पेव्हर ब्लॉक, बाजूला उभ्या गाड्या आणि वर गॅलरीतून बघणारे सेक्रेटरी. म्हणून हा कागद छापला, प्रत्येकाला तेच तेच सांगून आमचा घसा बसतो.

पहिली गोष्ट, खेळण्यातली गाडी आणि हॉबीची गाडी यात फरक आहे आणि तो फक्त किमतीचा नाही. खेळण्यातल्या बहुतेक गाड्यांना एकतर फुल स्पीड नाहीतर बंद, चाक एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर सरळ. हॉबीच्या गाडीत बोट जेवढं दाबाल तेवढीच गाडी पळते आणि चाक जेवढं फिरवाल तेवढंच वळते, आणि मुख्य म्हणजे तिचा प्रत्येक पार्ट सुटा मिळतो. पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारी दांडी, तुटला तर आर्म बदला, गाडी फेकायची नाही. मुलगा सहा-सात वर्षांचा असेल तर मात्र खेळण्यातलीच घ्या, खरंच सांगतोय, आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आता जागा. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतील (मुंबईत कुठे नसतात) तर ती खाली बसलेली, रस्त्यावरची टूरिंग गाडी घेऊ नका. दिसायला झकास असते पण जमिनीपासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर, दोन ब्लॉकमधल्या फटीत नाक अडकतं आणि बॉडीचा खालचा काठ आठवड्यात फाटतो. त्यापेक्षा १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची बग्गी घ्या, चाकं मोठी, शॉक (धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे) लांब, खड्डा आला तरी उडून पुढे. टामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर १९८४ ची गाडी आहे, मागच्या चाकांवर चालणारी, साधी, आणि अजूनही तिची किट (सुटे पार्ट, आपण जोडायची) निघते, यातच काय ते आलं. बेसमेंट पार्किंग असेल, गुळगुळीत काँक्रीट असेल, तर टूरिंग चालेल, तिथे टामियाच्याच टीटी-०२ सारखी फोर व्हील ड्राइव्ह चॅसिस, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, मस्त आहे. कडक प्लॅस्टिकचे टायर लावून ड्रिफ्टपण करता येईल, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळवता येईल, फक्त वॉचमनशी आधी बोलून घ्या.

आणि खाली जागाच नसेल तर? हॉलमध्ये चालवा. क्योशो कंपनीची मिनी-झेड साधारण १/२७ स्केलची, हातात मावते, ट्रिपल ए च्या चार सेलवर चालते, सोफ्याखालून फिरते. किंवा १/२४ चा क्रॉलर, म्हणजे चढ चढणारी गाडी घ्या, तो हळू चालतो, जाड पुस्तकं आणि उशा रचून डोंगर करायचा आणि चढवत बसायचं. पावसाळ्याचे चार महिने आमचे बरेच गिऱ्हाईक हेच करतात.

जुहूच्या वाळूत नेऊ का, हे दर रविवारी कोणीतरी विचारतं. नका नेऊ. वाळू बेअरिंगमध्ये जाते हा एक त्रास, पण खरा शत्रू मीठ आहे, वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी ते इलेक्ट्रॉनिक्सपुरतं, स्क्रू आणि बेअरिंगला गंज चढायचा तो चढतोच. आणि चालू रस्त्यावर तर अजिबात नाही, रिक्षावाल्याला ती गाडी दिसत नाही.

किट की तयार गाडी?

तयार म्हणजे खोक्यातून काढली, बॅटरी चार्ज केली, पळवली. किट म्हणजे पार्ट चिकटलेल्या प्लॅस्टिकच्या जाळ्या, स्क्रूच्या पिशव्या आणि एक पुस्तक. आम्ही किटच्या बाजूचे आहोत, उघड सांगतो. कारण गाडी आपटणारच आहे, आणि ज्याने स्वतः जोडलीय त्याला माहीत असतं कुठला स्क्रू काढला की काय हातात येतं. टामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ची पहिली रिमोट गाडी काढली ती जोडायची किट म्हणूनच, आणि त्यांची मॅन्युअल अजूनही इतकी चांगली असतात की वाचायला न येणाऱ्या पोराने पण चित्रं बघून गाडी उभी करावी.

पण खोक्यावरच्या किमतीत भागत नाही हे आधीच ऐका, नंतर आमच्यावर चिडू नका. रिमोट, रिसीव्हर (गाडीत बसून रिमोटचा सिग्नल घेणारा), स्टीअरिंगचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग हे बहुतेक वेळा वेगळं घ्यावं लागतं. मोटर असते, स्पीड कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा) काही किटमध्ये असतो काहीत नसतो, तेव्हा खोक्याची बाजू वाचा. महाग का, तर माल बाहेरून येतो आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. पैसे उरले तर पहिल्यांदा बेअरिंगवर खर्च करा. बऱ्याच किटमध्ये फिरत्या जागी प्लॅस्टिकचे बुश (साध्या गोल नळ्या) देतात, ते झिजतात, त्याजागी बॉल बेअरिंग टाकले की गाडी सुटसुटीत पळते. फास्ट मोटर मागायला सगळे येतात, बेअरिंग मागायला कोणी येत नाही. किटमधल्या ५४० मापाच्या मोटरवर गाडी ताशी पंचवीसच्या आसपास जाते आणि पार्किंगमध्ये तेवढी पुष्कळ होते, विश्वास नसेल तर बूट काढून समोर उभे राहा.

जोडताना स्क्रूड्रायव्हर बघून घ्या. जपानी किटचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी स्टँडर्डचे, आपल्या घरातला साधा चौफुलीचा पाना त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो, मग तो स्क्रू निघता निघत नाही. जेआयएस पाना वेगळा मिळतो, एकदाच घ्या. टामियाच्या पुस्तकात स्क्रू खऱ्या मापात छापलेले असतात, हातातला स्क्रू चित्रावर ठेवून बघायचा, ८ मिलीमीटरचा की १० चा ते लगेच कळतं. हे करायचं म्हणजे करायचंच, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला की तो पलीकडून बाहेर येऊन काहीतरी अडवतो. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बसला की थांबा, अजून अर्धा पेच कशाला, आटे गेले की गेले. उघडलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात बसलेला कळेल, मग आवळा. थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक) फक्त लोखंड-लोखंड असेल तिथे, प्लॅस्टिकला लागलं तर तडा जातो.

सर्वो बसवताना जास्तीत जास्त घोळ होतो. हॉर्न, म्हणजे सर्वोवरची फिरणारी पट्टी, लावायच्या आधी रिसीव्हर, बॅटरी सगळं टेबलावरच जोडा, रिमोट चालू करा, ट्रिम (रिमोटवरचं मध्य जुळवायचं बटण) शून्यावर आणा, सर्वो आपोआप मध्यावर येईल, मग हॉर्न सरळ लावा. नाहीतर गाडी डावीकडे भरपूर वळते आणि उजवीकडे जेमतेम, आणि लोक म्हणतात सर्वो खराब दिला.

बॉडी बहुतेक किटमध्ये पारदर्शक पॉलीकार्बोनेटची असते, तशी असेल तर रंग आतून मारायचा, आणि गडद रंग आधी, फिका नंतर. आधी भांड्याच्या साबणाने धुवून वाळवा. रंग पॉलीकार्बोनेटचाच हवा, गॅरेजवाल्याकडचा स्प्रे मारलात तर पहिल्याच धडकेत पापुद्रे निघतात. पातळ पातळ हात द्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाई करू नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. बाहेरची फिल्म सगळ्यात शेवटी काढा.

बॅटरी, हे घरच्यांनाही वाचायला द्या

नवीन माणसाने ७.२ व्होल्टची निकेलची बॅटरी घ्यावी, ती बरंच काही सहन करते. लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची बॅटरी, हलकी आणि जोरदार, पण तिला शिस्त लागते. एक सेल भरलेला म्हणजे ४.२ व्होल्ट, ३ च्या खाली गेला की बिघडला, म्हणून स्पीड कंट्रोलरवर लायपोचं सेटिंग केल्याशिवाय चालवू नका. काही कंट्रोलरवर त्यासाठी इवलासा जंपर (पिनांवर बसणारी टोपी) असतो, तो बघा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने चार्ज करा, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे भरण्यासाठीची बारीक वायर) लावून. चार्जिंग गादीवर नाही, पडद्याजवळ नाही, रात्री लावून झोपायचं नाही. लादीवर ठेवा आणि समोर बसा. आठवडाभर चालवणार नसाल तर सेलला साधारण ३.८ व्होल्टवर ठेवून द्या, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या कारमध्ये विसरू नका. फुगलेली बॅटरी परत चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं तर गाडी स्वतःच्या मर्जीने भिंतीत जाऊ शकते. रिमोटमध्ये फेलसेफ असेल तर सिग्नल गेल्यावर गाडी थांबेल असा लावून ठेवा.

पहिल्या दिवशी दोन चपला चार-पाच पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा, हळू. गाडी तुमच्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटं होतं आणि सगळे तिथेच आपटतात, तेव्हा तुम्ही गाडीत बसलायत असं समजून हात फिरवा. पोराच्या हातात देताना रिमोटवर थ्रॉटलची, म्हणजे वेगाची मर्यादा अर्ध्यावर आणून ठेवा. एक बॅटरी संपली की मोटरला हात लावून बघा, चटका बसत असेल तर गार होऊ द्या, लगेच दुसरी घालू नका. आणि सोसायटीतली कुत्री मागे लागणारच, थांबून गाडी उचला, शर्यत लावू नका.

काही तुटलं तर तुटका तुकडा आणि मॅन्युअल दोन्ही घेऊन या. पुस्तकात पार्टचं नाव आणि जाळीचा नंबर दिलेला असतो, तो दाखवलात की पार्ट काढून द्यायला आम्हाला दोन मिनिटं लागतात, नुसता "तो पुढचा काळा पार्ट" म्हणालात तर पुढचे सगळे पार्ट काळेच असतात.